‘आमच्या गावात तसं कोणी नाही’

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मूळची नाशिकची, समाजकार्याचं शिक्षण घेतलेली. सध्या नेपाळच्या डोंगरी भागात एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पाणी आणि स्वच्छतेच्या प्रकल्पावर आहे. पुढच्या टप्प्याच्या प्रस्तावात दिव्यांग व्यक्तींना कसं सामावून घेणार ते लिहून द्या, असं देणगीदाराने कळवलंय. गावच्या बैठकीत विचारलं तर ‘आमच्या गावात तसं कोणी नाही’ असं उत्तर आलं. संस्थेत या विषयातलं कोणी नाही, वेगळा पैसा नाही आणि हातात तीन आठवडे आहेत. सुरुवात कुठून करू?

त्या उत्तरापासूनच सुरुवात करा. ‘तसं कोणी नाही’ हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकत आले आहे. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये ऐकलं, बांगलादेशात गाइबांधा जिल्ह्यात ब्रह्मपुत्रेच्या पात्रातल्या चरांवर, म्हणजे वाळूच्या बेटांवर ऐकलं, २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळमधल्या सिंधुपाल्चोकच्या गावांमध्ये ऐकलं. सांगणारी माणसं लबाड नव्हती. ‘गाव’ म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे जे येतं त्यात ती माणसं नसतात. आणि आपण बैठकही अशी बोलावतो की त्यांना येताच येऊ नये. मग आपण वहीत ‘निरंक’ लिहितो आणि पुढच्या गावाला जातो.

सिंधुपाल्चोकमधली एक बैठक सांगते. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे दुखापतीनंतर किंवा आजारानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठी काम करते. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळमध्ये जवळपास नऊ हजार माणसं गेली, सर्वांत जास्त सिंधुपाल्चोक जिल्ह्यात. काही महिन्यांनी आम्ही पुनर्बांधणीच्या कामासाठी गावोगाव फिरत होतो. शाळेच्या अंगणात पत्र्याखाली चाळीसेक लोक जमले होते. मी विचारलं, उत्तर आलं, ‘हाम्रो गाउँमा त्यस्तो कोही छैन.’ बैठक संपली. खाली उतरताना गावची महिला स्वास्थ्य स्वयंसेविका सोबत होती. आपल्या आशाताईंसारखंच तिचं काम. चहाला थांबलो तेव्हा तिला मी प्रश्न बदलून विचारला: कोणाच्या घरी एखाद्याला अंघोळ घालावी लागते? कोण शाळेत जायचं वय होऊनही जात नाही? कोणाला हाक मारली तर ऐकू जात नाही? ती बोटांच्या पेरांवर मोजत गेली. अकरा घरं निघाली. पाठीचा कणा मोडलेला एक माणूस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेली म्हातारी. फिट येतात म्हणून चुलीजवळ आणि पाणवठ्यावर जाऊ न दिली जाणारी तरुण सून. एक मुलगा, ज्याला सगळे ‘लाटो’ म्हणायचे, म्हणजे मुका, खुळा. त्याचं खरं नाव आठवायला तिलाही क्षणभर थांबावं लागलं.

या अकरांपैकी एकाही घरातून बैठकीला कोणी आलेलं नव्हतं. का, ते परत चढून जाताना दिसलं. शाळेपर्यंत जायला उंच दगडी पायऱ्या. निरोप तोंडी फिरवलेला. वेळ सकाळची, म्हणजे घरात कोणाचं तरी सगळं अंथरुणातच करावं लागतं त्या बाईला अजिबात न जमणारी. कोण बोलणार आणि कोण बोलणार नाही, हे बैठकीची जागा, वेळ आणि निरोपाची पद्धत ठरवली तेव्हाच आम्ही ठरवून टाकलं होतं.

म्हणून पहिलं काम: उद्याच स्वास्थ्य स्वयंसेविकांना भेटा. त्यांच्यानंतर शाळेच्या शिक्षकांना, पण ‘शाळेत न येणारी मुलं कोणती’ असं विचारायला. आमा समूहाच्या, म्हणजे गावच्या महिला मंडळाच्या, बायकांशी बोला. आणि मग त्या घरांमध्ये स्वतः जा. तीन आठवड्यांत सगळं वॉर्ड पालथं घालणं होणार नाही, पण वीस घरं नक्की होतील. वीस घरांमध्ये बसून जे कळेल ते कुठल्याच मार्गदर्शिकेत मिळणार नाही.

आता मोजणीचं. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण देणगीदार आकडा मागणारच. जगात साधारण १३० कोटी लोक, म्हणजे लोकसंख्येच्या १६ टक्के, लक्षणीय अपंगत्वासह जगतात, असं जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगते. भारताच्या २०११ च्या जनगणनेत हाच आकडा २.२१ टक्के आला. नेपाळच्या २०११ च्या जनगणनेत १.९४. दक्षिण आशियातली माणसं जगापेक्षा इतकी धडधाकट आहेत असं कोणी म्हणणार नाही. फरक बराचसा प्रश्नाचा आहे. ‘घरात कोणी अपंग आहे का?’ असं प्रगणकाने दारात उभं राहून विचारलं की घरचे नाही म्हणतात. लाजेने म्हणतात, मुलीचं लग्न अडेल म्हणून म्हणतात, किंवा खरोखरच त्यांना वाटतं की आजीला दिसत नाही ते वयामुळे, ते काही अपंगत्व नाही.

बांगलादेशात हे फार स्पष्ट दिसलं. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचं प्रमाण दीड टक्क्याच्या आत आलं. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१० च्या घरखर्च पाहणीत, वेगळ्या पद्धतीने प्रश्न विचारले तर ९ टक्क्यांच्या वर गेलं. या दुसऱ्या आकड्यात थोडीशी अडचण असलेले लोकही धरलेले होते, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून सरळ वजाबाकी करू नका. पण एकाच देशात एका वर्षाच्या अंतराने एवढी तफावत पडते ती माणसं बदलली म्हणून पडत नाही.

ती वेगळी पद्धत म्हणजे वॉशिंग्टन गटाचे सहा प्रश्न. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सांख्यिकी आयोगाखाली २००१ मध्ये हा गट स्थापन झाला. प्रश्न साधे आहेत: चष्मा लावूनही तुम्हाला दिसायला त्रास होतो का? श्रवणयंत्र लावूनही ऐकायला त्रास होतो का? चालायला किंवा पायऱ्या चढायला? गोष्टी लक्षात ठेवायला किंवा एका जागी मन लावायला? अंघोळ, कपडे घालणं अशी स्वतःची कामं करायला? आणि आपल्या भाषेत बोलताना दुसऱ्याला समजायला किंवा दुसऱ्याचं आपल्याला समजायला? उत्तरं चार: काहीच त्रास नाही, थोडा होतो, खूप होतो, अजिबात जमत नाही. सहापैकी एका जरी प्रश्नाला ‘खूप’ किंवा ‘अजिबात नाही’ आलं की ती व्यक्ती दिव्यांगांच्या आकड्यात धरायची. अख्ख्या प्रश्नावलीत अपंग, दिव्यांग, विकलांग हे शब्द एकदाही येत नाहीत, आणि येऊ द्यायचेही नाहीत. सर्वेक्षकांच्या प्रशिक्षणात माझा अर्धा वेळ एवढ्यावरच जातो. सर्वेक्षण करणारी मुलं ‘आता मी अपंगत्वाबद्दल काही प्रश्न विचारतो’ अशी प्रस्तावना करून मोकळी होतात आणि पुढची सगळी उत्तरं ‘नाही’ येतात. दुसरी चूक म्हणजे समोरच्याकडे बघून उत्तर स्वतःच भरणं. माणूस समोर चालत आला म्हणून ‘चालायला त्रास नाही’ अशी खूण केलेली मी पाहिली आहे. तो कसा आणि किती वेळात आला हे विचारलं कोणी नव्हतं.

या प्रश्नांना मर्यादाही आहेत. पाच वर्षांखालच्या मुलांना ते लागू करू नका. मुलांसाठी युनिसेफबरोबर तयार केलेली वेगळी प्रश्नावली आहे. मानसिक आजाराने ग्रासलेली माणसं या सहा प्रश्नांतून बरीचशी निसटतात. त्यांना शोधायला स्वयंसेविकेशी विश्वासाने बोलावं लागतं, कारण गोठ्याशेजारच्या खोलीत कोंडलेल्या माणसाबद्दल कोणी फॉर्मवर सांगत नाही. नेपाळमध्ये ‘कोशिश’सारखी संस्था याच लोकांमध्ये काम करते, त्यांच्याशी बोलून घ्या. आणि हे सहा प्रश्न म्हणजे वैद्यकीय तपासणी नाही. कोणाला लाभ द्यायचा आणि कोणाला नाही हे त्यावरून ठरवू नका. आपल्या प्रकल्पाच्या नळापर्यंत, बैठकीपर्यंत, समितीपर्यंत पोहोचणाऱ्यांत किती दिव्यांग आहेत, एवढंच ते सांगतात, आणि तुम्हाला तेवढंच हवं आहे.

लाभाचा विषय निघालाच आहे तर कार्डाबद्दल बोलते, कारण नेपाळमध्ये तुम्हाला ते रोज भेटेल. तिथे अपंगत्वाची तीव्रतेनुसार चार रंगांची ओळखपत्रं असतात: ‘क’ वर्गाला लाल, ‘ख’ला निळं, ‘ग’ला पिवळं, ‘घ’ला पांढरं. भूकंपानंतर घर बांधायला सरकार तीन लाख नेपाळी रुपये तीन हप्त्यांत देत होतं. लाल आणि निळं कार्ड असलेल्यांना, एकट्या वृद्ध स्त्रियांना आणि अशाच आणखी काहींना वरून पन्नास हजारांची मदत होती. हेतू चांगला होता. पण तेव्हा ओळखपत्र जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन काढावं लागे. ज्याचा कणा मोडलाय त्याने आधी डोंगर उतरून, बस पकडून कार्यालय गाठायचं, कणा मोडलाय हे तिथे सिद्ध करायचं, आणि मग मदत मागायची. शिवाय नागरिकता प्रमाणपत्र लागायचं, ते ढिगाऱ्याखाली गेलेलं. म्हणून माझं सांगणं आहे की तुमच्या प्रकल्पाची पात्रता कधीही फक्त कार्डावर बांधू नका. कार्ड नसलेल्यांना ते मिळवून देण्याचं काम मात्र जरूर करा. २०१७ च्या कायद्यानंतर बरंचसं काम स्थानिक पालिकेकडे आलंय, त्यामुळे वॉर्डात एक दिवसाचं शिबिर लावायला पालिकेशी बोलता येतं. आपल्याकडे यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, जिल्हा रुग्णालयाच्या ठरलेल्या वारी रांगेत उभं राहिलेल्या कोणालाही हे वेगळं समजावायला नको.

आता त्या कणा मोडलेल्या माणसाच्या घरी चला. वय चाळिशीच्या आसपास. काठमांडूत उपचार झाले, घरी परत पाठवताना व्हीलचेअर मिळाली. आम्ही गेलो तेव्हा ती व्हीलचेअर भिंतीला खुंटीवर टांगलेली होती, वर धूळ. पुढची चाकं लहान आणि अरुंद, रुग्णालयाच्या फरशीवर फिरवायची खुर्ची ती. अंगणात दोन हात सुद्धा जात नव्हती. बसायला गादी नव्हती. कंबरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला गादीविना खुर्चीत बसवलं तर काही तासांत कातडी लाल होते, काही दिवसांत जखम होते, आणि ती जखम हाडापर्यंत गेली की जीव जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्येच व्हीलचेअर देण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या: माप घ्या, बसवून बघा, वापरायला शिकवा, दुरुस्तीची सोय ठेवा. तरी अजून मंडप घालून, पन्नास खुर्च्या एका मापाच्या आणून, फोटो काढून वाटप होतं. तुमच्या संस्थेने असं वाटप करायचं ठरवलं तर कृपा करून विरोध करा. त्या पैशात दहाच खुर्च्या मापाच्या, गादीसकट आणि दुरुस्तीसकट द्या. काठमांडूजवळ सांगा या गावी मेरुदंड (पाठीच्या कण्याच्या इजेचं) पुनर्वसन केंद्र आहे, तिथल्या लोकांना विचारून द्या.

पण त्याचं मुख्य दुखणं व्हीलचेअर नव्हतीच. खूप वेळ बोलल्यावर त्याच्या बायकोने हळूच सांगितलं की तो दिवसातून एकदाच जेवतो आणि दुपारनंतर पाणी पीत नाही. संडासाला जाणं टळावं म्हणून. संडास घरामागे, तीन पायऱ्या चढून, दार आत उघडणारं, आत उकिडवं बसायचं भांडं. तिथे त्याला पाठुंगळी न्यावं लागे, आणि मुलगा कामाला गेला की न्यायला कोणी नसे. मणक्याची इजा झालेल्या माणसाने पाणी कमी पिणं म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवून घेणं. तुमच्या प्रकल्पाच्या यादीत त्या घरापुढे ‘संडास: आहे’ अशीच नोंद असते.

तिथे आम्ही जे केलं ते एका सुताराने आणि दोन गड्यांनी दोन दिवसांत केलं. पायऱ्या काढून मातीचा ठोकून बसवलेला उतार. दोन्ही बाजूंना बांबूचा कठडा. दार बाहेर उघडणारं करून त्याला दोरी, म्हणजे आतून ओढून घेता येतं. भांड्यावर ठेवायला लाकडी स्टूल, मधे भोक. पाण्याचा डबा बसल्या जागी हात पोहोचेल असा. स्टुलाची उंची किती ठेवायची यावर सुतार आणि तो माणूस बराच वेळ वाद घालत होते, शेवटी त्याने स्वतः दोन्ही हातांवर अंग उचलून दाखवलं आणि तिथे खूण केली. मी एवढी शिकलेली, पण मी सांगितलेली उंची चार बोटं चुकीची होती.

मोतीबिंदू उतरलेल्या त्या आजीसाठी घरापासून संडासापर्यंत एक दोरी बांधली, कमरेच्या उंचीला. आणि तिला डोळ्यांच्या शिबिराला पाठवलं, कारण शस्त्रक्रियेने बरी होणारी नजर दोरीवर सोडून द्यायची नसते. दोन्ही करायला हवं. या क्षेत्रात याला दुहेरी मार्ग म्हणतात: एकीकडे सगळ्यांसाठीच्या कामात अडथळे काढायचे, दुसरीकडे ज्याला जे खास लागतं ते द्यायचं. तुमचा प्रकल्प पाण्याचा आहे, म्हणून पहिला मार्ग तुमचा. दुसऱ्यासाठी रुग्णालय, पुनर्वसन केंद्र, पालिका यांचे पत्ते हाताशी ठेवा आणि पाठवलेला माणूस तिथे पोहोचला का ते बघा. सगळं स्वतः करायला जाऊ नका.

आता एक चूक सांगते, आम्ही केलेली. एका शाळेत आम्ही दिव्यांग मुलांसाठी म्हणून छान संडास बांधला. आराखडा काठमांडूहून आलेला. उद्‌घाटन झालं. आठ महिन्यांनी गेले तर दाराला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे, आत सिमेंटच्या गोण्या आणि झाडू. ‘मुलं घाण करतात’ म्हणून बंद ठेवलेला. शिवाय ठेकेदाराने जागा कमी पडली म्हणून रॅम्प आखूड केला होता. रॅम्पचा साधा हिशोब असा: एक फूट चढायचं तर निदान बारा फूट लांबी. तिथे दोन फूट चढायला सात फुटांत उरकलं होतं, त्यावरून चाकाची खुर्ची मागे उलटते. दोष मी शाळेला देत नाही आणि एकट्या ठेकेदारालाही देत नाही. आराखडा काढताना, जोतं बांधताना आणि बिल देताना, तिन्ही वेळा तिथे असा एकही माणूस नव्हता ज्याला तो संडास स्वतः वापरायचा होता.

त्यानंतर मी एक नियम केला आणि तो तुम्हीही करारात घाला. प्रत्येक बांधकाम तीन वेळा दिव्यांग व्यक्तींनी तपासायचं: कागदावर असताना, जोतं झाल्यावर आणि शेवटचं बिल निघण्याआधी. व्हीलचेअर वापरणारी एक व्यक्ती, न दिसणारी एक व्यक्ती आणि त्यात एक तरी बाई. त्यांची सही नसेल तर शेवटचा हप्ता नाही. ठेकेदार फार पटकन शिकतात. नळकोंडाळ्याचंही तेच: ओटा नको किंवा असला तर बाजूने उतार, तोटी बसून हाताला लागेल अशी एक आणि उभ्याने वापरायची एक, हंडा टेकवायला मधल्या उंचीचा कट्टा, आणि तोटी अशी की बोटं न वळणाऱ्या हाताने, मनगटाने ढकलूनही उघडेल. कुष्ठरोगाने बोटं आखडलेल्या बाईला फिरकीची तोटी उघडत नाही, आणि ती कोणाला मदतही मागत नाही. गरोदर बायका आणि म्हातारी माणसं पहिल्याच दिवसापासून तो उतार वापरू लागतात.

ही तपासणारी माणसं कुठून आणायची? दिव्यांगांच्या स्वतःच्या संघटनांमधून. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्था वेगळ्या आणि दिव्यांगांनी चालवलेल्या संघटना वेगळ्या, हा फरक प्रस्तावात जपा. संयुक्त राष्ट्रसंघाचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ मध्ये झाला, भारताने तो २००७ मध्ये आणि नेपाळने २०१० मध्ये मान्य केला. त्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट आहे की निर्णय घेताना या संघटनांशी सल्लामसलत करायची. बत्तिसावं कलम आंतरराष्ट्रीय सहकार्याचं, म्हणजे थेट तुमच्या कामाचं आहे. नेपाळमध्ये १९९३ पासून राष्ट्रीय अपाङ्ग महासंघ आहे, त्याच्या सदस्य संघटना जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. त्यांना फोन करा. पण फोन प्रस्ताव लिहून झाल्यावर, आदल्या रात्री, ‘एक सहीचं पत्र द्या’ म्हणून करू नका. तसे फोन त्यांना इतके येतात की ते कंटाळलेत. आताच करा, आणि पहिल्याच बोलण्यात त्यांच्या दिवसाचे पैसे किती ते विचारा. पाण्याच्या इंजिनिअरला आपण मानधन देतो. शाळेतला रॅम्प तपासायला दोन तास खडतर रस्त्याने येणाऱ्या माणसाला मात्र चहा-बिस्किटावर बोळवतो. हे मला कधीच पटलं नाही.

संघटनेतही बघा कोण बोलतंय. बहुतेक ठिकाणी जिल्ह्याच्या गावातले, शिकलेले, पायाने अधू किंवा दृष्टिहीन पुरुष पुढे असतात. त्यांनीच लढून जागा मिळवलीय, त्यांचा मान ठेवा. पण मतिमंदत्व असलेली मुलगी, कर्णबधिर बाई, मानसिक आजारातून उठलेला माणूस आपोआप तिथे येत नाही, त्यांना मुद्दाम बोलवा. कर्णबधिरांसाठी दुभाषी लागेल, आणि दिवसभराच्या बैठकीला दोन लागतील, कारण एकाचे हात आणि डोकं अर्ध्या तासात थकतात. नेपाळी सांकेतिक भाषा वेगळी आहे, भारतीय चालणार नाही. गावात कधी शाळेतच न गेलेल्या कर्णबधिर माणसाला तर कोणतीच सांकेतिक भाषा येत नसेल. तिथे त्याची बहीण किंवा भाऊ घरच्या खुणांनी बोलतो, त्याला सोबत बसवा.

गाइबांध्याचा एक अनुभव इथे सांगायलाच हवा. चर म्हणजे नदीतली वाळूची बेटं, दर पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी. तिथल्या काही गावांत आपत्ती समितीत दिव्यांग व्यक्ती आणि त्यांचे पालक बसतात. पुराची सूचना झेंड्याने देतात, भोंग्यानेही देतात आणि ठरलेला स्वयंसेवक ठरलेल्या घरी जाऊन खांद्याला हात लावूनही देतो, कारण एकाला भोंगा ऐकू येत नाही आणि दुसऱ्याला झेंडा दिसत नाही. बचावाच्या बोटीला उतार जोडलेला असतो. एका सरावाच्या वेळी बोटीत आधी कोण, यावर चर्चा चालली होती. ‘बायका-मुलं आधी’ असं नेहमीप्रमाणे ठरत होतं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या मुलाची आई उभी राहिली आणि म्हणाली, ‘माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. त्याला उचलायला दोघं लागतात. तुम्ही त्याला मूल धरणार की पुरुष? आणि त्याच्याजवळ मी थांबले तर मी बाई म्हणून आधी जाणार की त्याच्यासोबत शेवटी?’ त्या दिवशी यादी नव्याने लिहिली गेली, घरांच्या नावांनी, प्रत्येक घरापुढे उचलणाऱ्या दोघांची नावं. ती बाई समितीत नसती तर हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही सुचला नसता. आम्ही सगळे आपत्ती व्यवस्थापन शिकलेले होतो.

पैशाबद्दल. वेगळा पैसा नाही म्हणता, पण अजून बजेट मंजूर व्हायचंय ना? मग आताच ओळी घाला. वृद्ध आणि दिव्यांग व्यक्तींसाठीचे जे मानवतावादी निकष २०१८ मध्ये आले, त्यांत बांधकामं सुगम करण्यासाठी ०.५ ते १ टक्का जादा धरा असं म्हटलंय, आणि चालायला-फिरायला लागणारी खास साधनं देणार असाल तर आणखी ३ ते ४ टक्के. सुरुवातीला धरलं तर इतकं थोडं लागतं. बांधून झाल्यावर तोडून दुरुस्त करायला गेलात तर कितीतरी जास्त. पाच ओळी बहुतेक प्रस्तावांत राहून जातात: सोबत येणाऱ्या सहायकाचा प्रवास आणि जेवण, दुभाषी, जीप किंवा डोलीचं भाडं, साधनांची दुरुस्ती, आणि कोणाला ऐनवेळी काही लागलं तर द्यायला थोडी राखीव रक्कम. या ओळी वेगवेगळ्या नावाने दाखवा. ‘समावेशन: एकरकमी’ असं लिहिलंत तर पहिल्या कपातीत तीच ओळ उडेल. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकदम आटवल्यापासून कपात सगळीकडेच आहे. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो आणि कितीतरी गावांत तो मार्च जवळ आला की काहीतरी वस्तू वाटून संपवला जातो. पैसा असतो, पण काय हवंय हे वर्षभर कोणी विचारलेलं नसतं.

देणगीदार हे का मागतात तेही माहीत असू द्या, म्हणजे त्यांच्याशी बोलणं सोपं जाईल. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहस्रक विकास उद्दिष्टांत अपंगत्वाचा उल्लेखच नव्हता. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत तो आला. २०१८ पासून देणगीदार देशांना आपल्या प्रकल्पांना या बाबतीत शून्य, एक किंवा दोन असा गुण नोंदवता येतो. दोन म्हणजे प्रकल्पाचा मुख्य हेतूच हा, एक म्हणजे अनेक उद्दिष्टांपैकी एक. एप्रिल २०२५ मध्ये बर्लिनला झालेल्या, अपंगत्वावरच्या जागतिक शिखर परिषदेच्या अम्मान-बर्लिन जाहीरनाम्यात असं ठरलं की देशपातळीवरच्या विकास कार्यक्रमांपैकी निदान १५ टक्क्यांमध्ये दिव्यांगांचं समावेशन हे उद्दिष्ट असावं. तुमच्या प्रकल्पाला ‘एक’ मिळायचा तर प्रस्तावनेतलं एक गोड वाक्य पुरत नाही, उद्दिष्टात, निर्देशकात (म्हणजे काम मोजायच्या आकड्यात) आणि बजेटात ते दिसावं लागतं.

शब्दांबद्दल थोडंसं. नेपाळमध्ये ‘अपाङ्गता भएका व्यक्ति’ म्हणा, नुसतं ‘अपाङ्ग’ कोणाला उद्देशून म्हणू नका. मराठीत सरकारी कागदावर ‘दिव्यांग’ आहे. काहींना तो आवडतो, काहींना त्यात उगाच देवत्व चिकटवल्यासारखं वाटतं आणि ते ‘अपंग’च म्हणतात. समोरच्याला विचारा आणि तो म्हणेल ते वापरा. आणि त्या मुलाचं नाव यादीत ‘लाटो’ असं कधीही येऊ देऊ नका. घरी जाऊन, त्याच्या आईला विचारून, खरं नाव लिहा.

आता तुमचे तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात स्वयंसेविका आणि वीस घरं. त्याच आठवड्यात जिल्ह्यातल्या संघटनेला फोन, आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांच्यातल्या दोघातिघांना मानधन देऊन तुमच्या सध्याच्या दोन-तीन नळांवर आणि एका शाळेच्या संडासावर घेऊन जा. ते जे दाखवतील ते फोटोसह प्रस्तावात घाला, ‘पहिल्या टप्प्यात आमचं हे चुकलं’ असं सरळ लिहून. देणगीदार याला घाबरत नाहीत, उलट बहुतेकांना पहिल्यांदाच काही खरं वाचल्यासारखं वाटतं. तिसऱ्या आठवड्यात लिहा. दोनच निर्देशक ठेवा: सहा प्रश्नांप्रमाणे मोजून नळ आणि संडास स्वतः वापरू शकणाऱ्या दिव्यांग व्यक्ती किती, आणि पाणी उपभोक्ता समितीत पदावर असलेल्या किती. ‘शंभर टक्के समावेशन’ असं वचन देऊ नका. पहिल्या सहा महिन्यांत कोणती गावं, कोण तपासणार, किती पैसे, एवढं लिहा. आणि पुढची बैठक कुठे घेणार ते आताच ठरवा. शाळेच्या अंगणात नको, खालच्या रस्त्यालगत सपाट जागा असेल तिथे, दुपारी, आणि निरोप त्या वीस घरांमध्ये तुम्ही स्वतः जाऊन दिलेला.